सोळा चित्रं, सोळा मात्रा : बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मूकपटांच्या संध्याकाळीच्या नोंदी

२२ जून, रविवार

मंडळाची बैठक आज आमच्याच वाड्यात झाली. गणपतीत पाचव्या दिवशी दरवर्षी भावगीतांचा कार्यक्रम असतो. या वर्षी सचिवकाकांनी वेगळंच काढलं : जुने मूकपट दाखवायचे आणि पडद्याशेजारी बसून त्यांना साथ करायची. पेटीवाले काका लगेच हो म्हणाले. तबल्यावर मी. चित्रपट निवडणं, पाट्या (मूकपटात मधे मधे पडद्यावर येणारा लिहिलेला मजकूर) मराठीत आणणं आणि गती बसवणं हेही माझ्याकडेच आलं.

मी आजवर एकही मूकपट सलग पाहिलेला नाही. डोक्यात असलेलं चित्र एवढंच : काळीपांढरी माणसं तुरुतुरु चालतात, एकमेकांना ढकलतात, मागे पियानो वाजत असतो. एवढ्या भांडवलावर साथ होणार नाही. आधी पाहायला हवं, म्हणून ही वही.

२४ जून, मंगळवार

चार्ली चॅप्लिनचा ‘द इमिग्रंट’, १९१७ चा, दोन रिळांचा. क्लासची मुलं गेल्यावर एकटीनं पाहिला.

पहिल्याच दृश्यात बोट हेलकावे खातेय, सगळ्यांना मळमळतंय. चार्ली कठड्यावर वाकलेला, पाठ आपल्याकडे, खांदे गदगदतायत. मी मनाशी म्हटलं, यालाही उलटी होतेय. तो वळतो तर हातात गळाला लागलेला मासा! तो मासेमारी करत होता. मी मोठ्यांदा हसले, मग मागे नेऊन पुन्हा पाहिलं. सगळी करामत पाठीची आहे. त्यानं काहीही खोटं सांगितलं नाही, निष्कर्ष आपण काढला.

पुढे एक पाटी येते, स्वातंत्र्याच्या भूमीत आगमन अशा अर्थाची. लोक डोळे भरून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघतायत, आणि लगेच अधिकारी येऊन सगळ्यांना गुरांसारखं दोराआड लोटतात. चार्ली पुतळ्याकडे पुन्हा एकदा वळून बघतो. त्या बघण्याला शब्द नाहीत, आणि शंभर वर्षांनंतरही मला ते कुणी समजावून द्यावं लागलं नाही.

२८ जून, शनिवार

गतीचा घोळ आज समजला. फार महत्त्वाचं आहे, म्हणून नीट लिहिते.

त्या काळी कॅमेरा हातानं फिरवत. सेकंदाला साधारण सोळा ते वीस-बावीस चित्रं. बोलपट आल्यावर आवाजासाठी वेग पक्का करावा लागला, तो चोवीस ठरला. सोळानं घेतलेलं चोवीसनं दाखवलं की माणसं दीडपट भरभर चालणारच. म्हणजे माझ्या डोक्यातली ती तुरुतुरु चाल त्या माणसांची नव्हतीच, ती आपल्या यंत्राची होती. द्रुतात वाजवलेला विलंबित ख्याल ऐकून कुणी म्हणावं की जुने गवई घाईत गायचे, तसं हे झालं.

मग फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा हिशेब मांडला. लांबी ३,७०० फूट. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात सोळा चित्रं बसतात. सेकंदाला सोळाच्या वेगानं एक फूट म्हणजे एक सेकंद, आणि ३,७०० सेकंद म्हणजे एक तास आणि वर पावणेदोन मिनिटं. चोवीसनं धरलं तर एकेचाळीस मिनिटं. पुस्तकांत हा चित्रपट चाळीस मिनिटांचा असं वाचलं होतं. हातानं फिरवण्याच्या गतीनं पाहिला असेल तर गिरगावातल्या कोरोनेशन चित्रपटगृहात १९१३ च्या मे महिन्यात लोक तासभर तरी बसले असतील. वीस मिनिटांचा श्वास आपण आकडेमोडीत घालवला.

एक मात्र आहे. विनोदी चित्रपटवाले पळापळीच्या दृश्यात मुद्दाम हँडल हळू फिरवत, म्हणजे पडद्यावर ती वेगात दिसावी. त्यामुळे विनोदाला सरसकट सोळावर आणलं तर त्यातला जीव जातो. प्रत्येक चित्रपटाची लय चालण्यावरून ओळखायची : पाऊल जमिनीवर टेकताना वजन जाणवलं पाहिजे.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

खिचडी खाऊन दुपारी बस्टर कीटनचा ‘वन वीक’ (१९२०). दोन रिळं, मीही दोनदा पाहिला.

नव्या जोडप्याला लग्नात घर भेट मिळतं, पण खोक्यांतून. आकडे बघून जोडायचं. मुलीला मागणी घालून नकार मिळालेला एक जण खोक्यांवरचे आकडे बदलून जातो. घर उभं राहतं ते वेडंवाकडं : दार दुसऱ्या मजल्यावर, भिंत तिरकी. वादळात घर गोल फिरायला लागतं, खरंखुरं, फिरत्या चकतीवर बसवलेलं. पाहुणे खिडक्यांतून बाहेर फेकले जातात. चित्रपटभर कॅलेंडरची पानं फाटत जातात, सोमवारपासून सुरुवात. माझ्या या वहीसारखंच.

शेवट असा. घर चुकीच्या जागेवर बांधलेलं निघतं, ते दोघं ओढत नेतात आणि ते नेमकं रेल्वेच्या रुळांवर अडकतं. समोरून गाडी येते. दोघं डोळे झाकतात. गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते! ते सुटकेचा श्वास सोडतात, आपणही सोडतो, आणि उलट बाजूनं दुसरी गाडी येऊन घराचा चुराडा करून जाते. कीटन ढिगाऱ्यावर ‘विकणे आहे’ची पाटी ठेवतो, बायकोचा हात धरतो आणि चालू लागतो. चेहऱ्यावर रेष नाही.

हा कार्यक्रमात हवाच. आजोबांना दाखवला. ते हसले नाहीत, पण संपल्यावर म्हणाले, “पोरानं बायकोवर एकदासुद्धा चिडचिड केली नाही बघ.” हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा

गुरुजींकडे गेले. नमस्कार, नारळ, पेढे झाल्यावर लॅपटॉप काढून शेवटचा तुकडा दाखवला आणि वाजवून दाखवलं : पहिल्या गाडीच्या वेळी लग्गी (जलद चालीचे छोटे बोल) वाढवत नेली, दुसऱ्या गाडीला तिहाई, म्हणजे तोच बोल तीनदा, बांधून धडकेवर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. मला वाटलं होतं शाबासकी मिळेल.

ते म्हणाले, “तू धडक होण्याआधीच सांगून टाकलीस.”

बरोबर आहे. तिहाई सुरू झाली की ऐकणारा सम मोजायला लागतो. दुसऱ्या गाडीची सगळी मौज ती मोजता न येण्यात आहे. मग त्यांनीच सुचवलं : तिहाई पहिल्या गाडीला दे. पूर्ण, खणखणीत, सम बरोबर इंजिन घरापाशी पोचेल तिथं. सम पडते आणि घर उभंच. पुढे हात उचलायचे. दुसरी गाडी कोऱ्या जागेत येऊ द्यायची.

घरी येऊन तसं वाजवलं. अंगावर काटा आला. समेवर काहीच न घडणं हे मी आजवर कधी वाजवलेलं नव्हतं.

निघताना मी उत्साहानं सांगितलं की सेकंदाला सोळा चित्रं आणि तीनतालाच्या सोळा मात्रा, किती छान जुळतंय. गुरुजी म्हणाले, आकडा जुळला म्हणून ताल जुळत नाही, पात्र कुठे श्वास घेतं ते बघ. तरी वहीच्या पहिल्या पानावर तो आकडा मी ठेवलाय. मला तो आवडतो.

१३ जुलै, रविवार

हॅरल्ड लॉइड, ‘सेफ्टी लास्ट’ (१९२३). घड्याळाच्या काट्याला लोंबकळणारा तो हाच. १९१९ मध्ये छायाचित्र काढताना खोटा समजलेला बॉम्ब हातात फुटून त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती. पडद्यावर तो आत बोटं बसवलेला हातमोजा घालायचा. हे वाचल्यावर ते चढणं पुन्हा पाहिलं तेव्हा हाताकडेच बघत राहिले. चित्रपट लांब आहे, कार्यक्रमात घेत नाही.

१९ जुलै, शनिवार

आज एक गंभीर चित्रपट. मुर्नाऊचा ‘डेर लेत्स्ते मान’, जर्मन, १९२४. मोठ्या हॉटेलचा म्हातारा दरवान, सोनेरी बटणांचा झगझगीत कोट. गल्लीतले लोक त्या कोटाला सलाम करतात. एक दिवस मॅनेजर त्याला म्हातारपणामुळे प्रसाधनगृहात कामाला पाठवतो आणि कोट काढून घेतो. कोट उतरताना एक बटण तुटून पडतं.

मी पाट्या मोजायला वही उघडून बसले होते. संवादाची पाटीच नाही! शेवटाकडे लेखकाच्या बाजूनं एकच पाटी येते, की खऱ्या आयुष्यात गोष्ट इथंच संपली असती, पण आम्हाला त्याची दया आली. मधे एखादी चिठ्ठी, एखादं वर्तमानपत्र, बस. बाकी सगळं एमिल यानिंग्जच्या पाठीच्या कण्यावर. कोट असताना तो ताठ, नसताना वाकलेला. चॅप्लिनची पाठ आणि ही पाठ, दोन्ही दिवसभर डोक्यात फिरताहेत.

आजोबा शेजारी येऊन कधी बसले कळलं नाही. ते टपाल खात्यात होते. निवृत्तीला चोवीस वर्षं झाली तरी खाकी कोट अजून लाकडी पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवलाय. चित्रपट अर्धा झाल्यावर उठून गेले. रात्री जेवताना विचारलं, “पुढे त्याला कोट मिळतो का?” मी गोड शेवट सांगितला. ते म्हणाले, “हे त्यांनी मागून जोडलंय.” पाटी न वाचताच.

कार्यक्रमात नको, असं मी ठरवलं. उत्सवात मुलं, प्रसाद, ये-जा असते. हा चित्रपट अशा गर्दीत दाखवणं म्हणजे त्याचा अपमान.

२६ जुलै, शनिवार

ड्रायरचा ‘द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क’, १९२८. जवळजवळ सगळे चेहरेच. फाल्कोनेत्ती नावाची नटी, मेकअप नाही, केस कापतानाचं दृश्य. पाट्यांतले सवाल-जवाब जोनवरच्या खटल्याच्या नोंदींतून घेतलेले. मूळ निगेटिव्ह आगीत गेली होती. १९८१ मध्ये नॉर्वेतल्या एका मनोरुग्णालयात जुन्या डब्यांत या चित्रपटाची चांगली प्रत सापडली.

तबला समोर होता, हात लावला नाही. यात वाजवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

पाट्यांचं काम. आत्याला बोलावलं. ती निवृत्त शिक्षिका, शिवाय एकांकिकांत कामं केलेली. मूकपटांच्या काळात आपल्याकडे पाट्या दोन-तीन भाषांत असत, आणि वाचता न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी कुणीतरी त्या मोठ्यानं वाचून दाखवत असे. आपणही तसंच करू असं ठरलं. दांडिया बाजारात मराठी आणि गुजराती दोन्ही घरं, आजोबांच्या वयाची माणसं, आणि पडदा लांब.

आत्यानं आधी प्रत्येक पाटी आवाज बदलून नाटकासारखी वाचली. पात्रं ओठ हलवतायत आणि हिचा आवाज त्यांच्यावर चढतोय, दोन्ही नकोसं झालं. मग तिनं स्वतःच खालच्या पट्टीत, पत्र वाचावं तसं वाचलं. ‘स्वातंत्र्याच्या भूमीत आगमन’ हे जितकं साधं वाचावं तितकं ते दोराचं दृश्य टोचतं.

एका जागी अडलो. ‘द इमिग्रंट’मध्ये बोटीवर त्या मुलीबरोबर तिची आजारी आई असते. पुढे ती चार्लीला खानावळीत भेटते, तेव्हा आई कुठे हे कुणी सांगत नाही. मुलीच्या हातात फक्त काळ्या काठाचा रुमाल. चार्ली तो बघतो आणि त्याचा चेहरा पडतो. आत्याचं म्हणणं, ही विलायती रीत, आपल्याकडे कळणार नाही, ‘आई गेली’ अशी पाटी घालू. मला पटेना. चॅप्लिननं जिथं पाटी घातली नाही तिथं मी कशी घालू? आजोबांना काहीही न सांगता दृश्य दाखवलं. क्षणभर थांबून म्हणाले, “काळी चौकट. कोण गेलं हिचं?”

पाटी घातली नाही.

३ ऑगस्ट, रविवार

लिहून ठेवण्यासाठी : जुन्या चित्रपटाच्या प्रतीवर जे संगीत ऐकू येतं ते बहुधा नंतर कुणी नव्यानं केलेलं असतं, आणि त्यावर त्यांचा हक्क असतो. आपण आवाज पूर्ण बंद ठेवणार. गती, प्रतीच्या मूळ वेगाच्या प्रमाणात : ‘वन वीक’ नव्वद टक्के, ‘द इमिग्रंट’ पंच्याऐंशी, फाळके सदुसष्ट. प्रत कुठल्या गतीनं केली आहे ते चाल बघून तपासलं.

९ ऑगस्ट, शनिवार. राखीपौर्णिमा

दादा पुण्याहून आलाय. त्याला घेऊन संध्याकाळी कलाभवनावरून चक्कर मारली. घरापासून चालत पाच मिनिटं, आज तिथे विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा आहे. लहानपणापासून रोज समोरून जातो, पण धुंडिराज गोविंद फाळके तरुणपणी इथल्याच कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण शिकले हे मला या कामापर्यंत माहीत नव्हतं. कलाभवन सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलं, प्राध्यापक गज्जर त्याचे प्रमुख. फाळक्यांना प्रयोगशाळा वापरायला मिळाली ती त्यांच्यामुळे. पुढे गोध्र्यात छायाचित्रकाराचा धंदा, मग प्लेगात बायको आणि मूल गेलं. कितीतरी वर्षांनी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याचं रोज एक चित्र घेतलं, आणि अंकुराचा वेल होताना पडद्यावर दाखवला. त्यावर भांडवल उभं राहिलं. दिवसाला एक चित्र, हीसुद्धा एक लयच.

बडोदा संस्थानच्या ग्रंथालय खात्याची एक शाखा गावोगाव सिनेमाचे मोफत खेळ करायची, हेही आजच दादाला सांगितलं. म्हणजे आपण पाचव्या दिवशी चादरीवर जे करणार आहोत ते या शहराला नवं नाही.

फाळक्यांचं जे उरलंय ते थोडं आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि शेवटची रिळं, आणि तीही १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची असं काही अभ्यासक मानतात. तारामती झालेले अण्णा साळुंके ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करायचे. हौदातल्या जलक्रीडेच्या दृश्यात सगळ्या ‘राण्या’ पुरुष आहेत, ओली लुगडी, दणकट दंड. पहिल्यांदा पाहताना मला हे खटकेल असं वाटलं होतं. खटकलं नाही. बालगंधर्वांचं कौतुक ऐकत वाढलेल्या घरात ते खटकणार कसं? आपल्याकडे तेराशेच्या वर मूकपट बनले. आज हाती आहेत ते तिसाच्या आसपास, त्यातलेही कित्येक अर्धे.

‘कालिया मर्दन’ (१९१९) मात्र बराचसा आहे. सुरुवातीलाच फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कॅमेऱ्यासमोर बसून एकेक भाव करून दाखवते : राग, हसू, रडू. मग मुकुट घालून ती कृष्ण होते. आधी सांगून टाकलं की ही एक लहान मुलगी आहे, आणि तरी पुढे ती नागाच्या फण्यावर नाचते तेव्हा आपण हात जोडतो. यातली दहा मिनिटं घेतोय. पेटीवाले काका यमन धरणार होते, मी भैरवी सुचवली, वाद झाला, शेवटी काकांचंच ऐकलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

तालीम वाईट झाली. भाड्यानं आणलेला प्रोजेक्टर दर काही मिनिटांनी चित्र थांबवून पुढे उडी मारतो. माझी तिहाई गाडीच्या आधीच संपली. ज्यांच्याकडून आणला ते म्हणाले चालतंय तसं चालवा. परत केला. दादानं त्याच्या मित्राचा आणायचं कबूल केलंय.

मंडळाचा पडदा गेल्या ऑगस्टच्या पुरात भिजून डागाळला होता. शेजारच्या काकूंनी लग्नातली पांढरी डबल चादर काढून दिली, मधली शिवण उसवून पुन्हा सपाट घातली. तिच्यावर चित्र मऊ दिसतं. मला आवडलं.

दमट हवेत डग्गा सारखा उतरतोय.

३१ ऑगस्ट, रविवार. पाचवा दिवस

रात्री साडेअकरा. आरती, प्रसाद, सगळं झालं. आठवतंय तोवर लिहिते.

आधी फाळके. मंदाकिनीनं रडून दाखवलं तेव्हा पुढे बसलेल्या लहान मुली तिच्याबरोबर तोंडं करायला लागल्या. राग आला की राग, हसू आलं की हसू. पेटीवाल्या काकांनी एकच सूर लांबवत ठेवला आणि मी काहीच वाजवलं नाही. हे ठरलेलं नव्हतं.

‘द इमिग्रंट’मध्ये माशावर हशा आला, अपेक्षेपेक्षा मोठा. दोराच्या दृश्याला एकदम शांतता. आत्यानं पाटी वाचली तेव्हा मागून कुणीतरी “अरे” म्हणालं, तेवढंच. रुमालावर कुजबुज झाली. बायकांच्या बाजूला कुणीतरी दुसरीला सांगत होतं, आई गेली तिची. म्हणजे आत्याची पाटी प्रेक्षकांतून आली.

‘वन वीक’. घर फिरायला लागलं तशी मुलं उभी राहिली. मी मध्य लयीत केहरवा धरून ठेवला, कितीही धांदल झाली तरी वाढवला नाही. कीटनचा चेहरा हलत नाही तर माझा ठेका का हलावा? रुळांवर घर अडकलं. गाडी दिसली. तिहाई सुरू केली, पहिला पल्ला, दुसरा, तिसरा, धा. गाडी शेजारून गेली. हात उचलले.

मंडपभर हशा आणि टाळ्या. त्या अजून चालू असतानाच शेजारच्या गुजराती घरातला पाच-सहा वर्षांचा मुलगा ओरडला, “बीजी आवी!” मोठ्यांच्या डोळ्यांआधी त्यानं दुसरी गाडी पाहिली होती. आणि घर गेलं.

त्या आवाजानंतर मी काय वाजवणार होते? कीटन पाटी ठेवून चालायला लागला तेव्हा फक्त त्याच्या पावलांना डग्ग्यावर हलकी थाप दिली, दोघं चौकटीबाहेर जाईपर्यंत.

गुरुजी शेवटच्या रांगेत होते. जाताना म्हणाले, पावलं जरा पुढे गेली. खरं आहे, चादरीवर वारा आला आणि मी घाई केली.

३ सप्टेंबर, बुधवार

प्रोजेक्टर परत. चादर धुऊन, इस्त्री करून काकूंना दिली. त्या म्हणाल्या, पुढच्या वर्षीसाठी राहू दे तुझ्याकडेच.

सचिवकाका ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण दाखवा म्हणतायत. पूर्ण आता कुणाकडेच नाही हे त्यांना सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. “अख्खा चित्रपट कसा हरवेल गं?” त्यांनी दोनदा विचारलं. नायट्रेटची फिल्म सहज पेट घेते, नुसती ठेवली तरी झिजते, आणि बोलपट आल्यावर मूकपट जपून ठेवावे असं फारसं कुणाला वाटलं नाही, हे सांगत बसले. ते ऐकत राहिले, मग चहा न घेताच गेले.

आजोबांनी दुपारी हाक मारली. दरवानाचा तो चित्रपट उरलेला अर्धा बघायचाय म्हणाले. सत्तर टक्के गतीनं लावला. आवाज बंद, तबला नाही. कोट परत घालून तो गल्लीतून चालतो त्या दृश्यापाशी त्यांनी मला थांबवायला सांगितलं.